छप्पर नाही, तरी गाडी जड

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून चालू आहे ही 'ड्रीम क्रूझ'. ज्या ट्रॅफिकला आपण पुण्यात शिव्या घालतो, तेच इथे लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर कौतुकाने बघतात.

मला इंजिनांच्या गडगडाटापेक्षा वजनांची गंमत जास्त वाटते. 1965 ची फोर्डची सहा सिलिंडरची मस्टँग घ्या. पक्क्या पत्र्याच्या छपराची साधी हार्डटॉप साधारण 1120 किलो, मागे उतरत्या छपराची फास्टबॅक 1140 च्या आसपास, आणि जिला पक्कं छप्परच नाही, नुसता दुमडता कापडी टप, ती कन्व्हर्टिबल 1200! त्या टपाचं वजन ते किती असणार?

पार्किंगमध्ये अशाच एका कन्व्हर्टिबलच्या मालक आजोबांना विचारलं, तर त्यांनी दार उघडून मला खाली वाकायलाच लावलं. दाराखालच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केली, तर आवाज एकदम भरीव. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. छप्पर काढलं की ती झाकण नसलेल्या खोक्यासारखी पिळवटते. म्हणून खाली जाड पत्रा, जास्तीचे जोड. "वरून काढलं, त्याच्या दुप्पट खाली घातलं," आजोबा म्हणाले.

शेवरोलेची तऱ्हा त्याहून अजब. 1967 च्या कॅमॅरो कन्व्हर्टिबलमध्ये गाडीची थरथर मारायला चारही कोपऱ्यांत वजनं भरलेले डबे बसवले होते. लोक त्यांना 'कॉकटेल शेकर' म्हणतात. वेगासाठी घेतलेल्या गाडीत मुद्दाम ओझं!

शर्यतवाल्यांना अर्थात हे परवडत नाही. त्यांची पसंती दोन खिडक्यांच्या मधे खांब असलेल्या साध्या कूपेला, म्हणजे पक्क्या छपराच्या दोन दारी गाडीला: हलकी, ताठ आणि स्वस्त. 1968 ची प्लिमथ रोड रनर सुरुवातीला तशीच आली, मागच्या काचा खाली न उतरणारी, नुसत्या बाहेर किलकिल्या होणारी. मला विचाराल तर खरी मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन, ती हीच.

बाजार मात्र माझं ऐकत नाही. 1971 च्या, प्लिमथच्याच 'हेमी' इंजिनाच्या कुडा कन्व्हर्टिबल जेमतेम 11 बनल्या. त्यातली एक 2014 मध्ये लिलावात 35 लाख डॉलरला गेली.