सहा नावं

सोमवारी लॅबचं कुलूप काढायला गेले तर माझी एक विद्यार्थिनी दारातच उभी. पहिल्या एसटीने आली होती, म्हणजे घरून सहाच्या आधीच निघाली असणार. हातात पेनड्राइव्ह आणि चार घड्या घातलेला कागद.

"मॅडम, माह्या प्रोग्रामनं सहा बायांची नावं बिघडवली. आन् आळ आला आईवर."

कागद उघडला. तिच्या गावातल्या महिला बचत गटाची यादी होती. नाव, जमा, बाकी. चौदा ओळी. वनिता, शीला, लता, मंगला, रेखा, मीना, कमल, शोभा ही आठ नावं स्वच्छ. (नावं मी बदलली आहेत, पण अक्षरं त्याच जातीची ठेवली आहेत, कारण इथे सगळं अक्षरांवरच आहे.) उरलेल्या सहा ओळींत नाव होतं आणि नव्हतंही. 'सुनंदा'तला स शाबूत, त्याच्यापुढे एक चौकोनी ठिगळ आणि प्रश्नचिन्ह, मग 'नंदा'. कुसुम, सुमन, पुष्पा, दुर्गा, लक्ष्मी यांचीही तीच गत. आकडे मात्र चौदाही जणींचे बरोबर.

तिची आई त्या गटाची सचिव आहे. मुलीने फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेली, प्रिंट काढली, आईने ती शनिवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीला चिकटवली. दोघींनीही नावं नीट पाहिली नाहीत. पाहतात ते आकडे, कारण भांडण आकड्यांवरून होतं. पण रविवारी सकाळी बायांनी पाहिलं ते असं : सचिवबाईंचं नाव स्वच्छ, त्यांच्या बहिणीचं स्वच्छ, आणि बिघडलेल्या सहा जणींपैकी दोघींचे कर्जाचे हप्ते थकलेले. गावाला एवढं पुरतं. हप्ता थकला म्हणून नावावर काट मारली, अशी बोलवा झाली. दुपारच्या बैठकीला त्या दोघी आल्याच नाहीत.

मी म्हटलं, आधीची चांगली फाइल आहे का? होती. टाइप झाल्याबरोबर तिने ती आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवली होती. मग नावं पाच मिनिटांत दुरुस्त होतील, मी म्हणाले.

"नावं तं मी करूनच टाकीन, मॅडम. पण आमचीच कायले बिघडली, त्यायची कायले नाही, हे सांग म्हणतात सगळ्या. मले सांगता येत नाही."

मलाही सांगता आलं नाही. आज महिना होऊन गेला तरी त्या क्षणाची टोचणी गेलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या मुलामुलींना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. लॅबमध्ये बारा संगणक आहेत, एकावर दोघं बसतात. विंडोज ७ आणि जावा ८. घरी संगणक असलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, त्यामुळे जे काही शिकायचं ते इथे, वीज असेल तेवढ्या वेळात. टेक्स्ट फाइल वाचणं आणि लिहिणं या धड्याला अभ्यासक्रमात दोन तासिका आणि एक प्रात्यक्षिक आहे. नमुन्याच्या फाइलीत रोल नंबर, इंग्रजीत नाव, गुण. वर्षानुवर्षं तीच फाइल.

हिने मात्र तो धडा खरोखर वापरला होता. आईचं रजिस्टर गेल्या पावसाळ्यात भिजलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून यादी नोटपॅडमध्ये मराठीत टाइप केली, यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) निवडून सेव्ह केली. दर महिन्याला प्रत्येकीच्या खात्यावर शंभर रुपये चढवणारा प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम मी त्या सकाळी ओळ न् ओळ वाचला, आणि खरं सांगते, मला अभिमान वाटला. फाइलरायटर, म्हणजे जावातलं फाइलीत लिहायचं साधन, उघडला की त्याच क्षणी जुनी फाइल रिकामी होते, एक अक्षरही लिहायच्या आधी. शिकाऊ मुलं इथे हमखास आपटतात : एकच फाइल एकीकडे वाचायला आणि दुसरीकडे लिहायला उघडतात, आणि हाती शून्य बाइट येतात. हिने आधी सगळ्या ओळी अ‍ॅरेलिस्टमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत घेतल्या, वाचणं बंद केलं आणि मगच लिहायला फाइल उघडली. बंद करण्याचं काम ट्राय-विथ-रिसोर्सेसवर सोपवलं होतं, २०११ सालच्या जावा ७ पासून आहे ते. ते विसरलं की बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात अडकलेला मजकूर डिस्कवर पोचतच नाही. पहिली ओळ शीर्षकाची, ती तशीच उचलून ठेवायची, कारण विंडोज ७ चं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवतं हे तिला आधी एकदा ठेच लागून कळलं होतं. चाचणीही घेतली होती, आईच्या आणि मावशीच्या नावावर. वनिता आणि शीला. दोन्ही नावं सुखरूप परत आली. चाचणीला तिने सुनंदा घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी चांगली फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि तिचाच प्रोग्राम चालवला. चौदाही नावं स्वच्छ. पुन्हा चालवला, पुन्हा स्वच्छ. तास दीड तास यात गेला. पेनड्राइव्ह खराब असेल, दुकानदाराच्या संगणकावर फॉन्ट नसेल, असल्या शंका काढत बसले. मग तीच फाइल लॅबच्या संगणकावर चालवली, आणि नेमकी तीच सहा नावं फुटली. फाइल एक, प्रोग्राम एक. फरक एवढाच, की लॅपटॉपवर जावा २१ होतं.

तिला सांगितलं, बिघडलेली फाइल नोटपॅडमध्ये बघ, पण सेव्ह करू नकोस. नोटपॅडने सेव्ह केली की तुटलेल्या बाइटांच्या जागी त्याची स्वतःची खूण बसते आणि माग पुसला जातो. आम्ही फाइलइनपुटस्ट्रीम वापरून दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, फाइलीतला एकेक बाइट हेक्समध्ये, म्हणजे दोन चिन्हांच्या आकड्यात छापणारा. चांगली फाइल एका खिडकीत, बिघडलेली दुसरीत. ती एकीकडून वाचत गेली, मी दुसरीकडून.

'सुनंदा'तला ऱ्हस्व उकार चांगल्या फाइलीत होता ई०, ए५, ८१. बिघडलेल्या फाइलीत ई०, ए५, ३एफ. ३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह. तीन बाइटांतला फक्त शेवटचा मेला होता. 'लक्ष्मी'त दोन्ही हलन्तांचं तेच : ई०, ए५, ८डी होतं, तिथे ई०, ए५, ३एफ. इथे मला उजेड पडला.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पण जावा ८ मधला साधा फाइलरीडर फाइल कोणत्या तक्त्याने वाचायची, म्हणजे कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर धरायचं, हे विंडोजला विचारतो. आमच्या लॅबच्या विंडोजचा तक्ता आहे विंडोज-१२५२, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला. त्या तक्त्याप्रमाणे एका 'स'ची तीन परकी अक्षरं होतात. फाइलरायटर त्याच तक्त्याने ती तीन अक्षरं पुन्हा तीन बाइट करून लिहितो. एक चूक दुसरीला खोडते आणि 'स' जसाच्या तसा परत येतो. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. पण त्या तक्त्यात २५६ घरं आहेत आणि त्यातली पाच रिकामी : ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. बाइट त्या घरात पडला की जावाला तिथे अक्षर सापडत नाही, ते 'अज्ञात' अशी खूण ठेवतं आणि लिहिताना त्याचं प्रश्नचिन्ह होतं.

आणि त्या पाच घरांत आपलं कोण राहतं? ८१ मध्ये ऱ्हस्व उकार. ८डी मध्ये हलन्त, म्हणजे सगळी जोडाक्षरं आली. ८एफ मध्ये ए, ९० मध्ये ऐ, ९डी मध्ये झ. दीर्घ ऊकार शेजारच्याच ८२ या घरात आहे, तो वाचतो. पूजा वाचली असती, सुमन गेली. लता, कमल, रेखा यांना धक्काही लागला नाही. सहा जणींचा गुन्हा काय, तर नावात पहिला उकार किंवा जोडाक्षर.

ती हेक्सकडे बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आईचं नाव वनिता हाय म्हणून वाचलं, सचिव हाय म्हणून नाही."

उपाय एका शब्दाचा आहे, म्हणून तर जास्त लागतं. वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे तक्ता आपण सांगायचा. जावा ८ मध्ये फाइलइनपुटस्ट्रीमवर इनपुटस्ट्रीमरीडर चढवून त्याला यूटीएफ-८ सांगता येतं, किंवा फाइल्स वर्गातला न्यूबफर्डरीडर वापरावा, तो न सांगताही यूटीएफ-८ धरतो. जावा ११ पासून फाइलरीडरलाच तक्ता देता येतो. आणि २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच मूळचा तक्ता झाला, म्हणून माझा लॅपटॉप निर्दोष निघाला. हे सगळं मला माहीत होतं. 'कॅरेक्टर एन्कोडिंग', म्हणजे या तक्त्यांचा भाग मी दर वर्षी पुढच्या वर्षाचा म्हणून सोडते, कारण परीक्षेत विचारत नाहीत आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला प्रात्यक्षिकाच्या वहीत तक्ता न सांगणारी छापील ओळच हवी असते. इंग्रजी नावांच्या फाइलीवर ती ओळ कधीच चुकत नाही. जिथे मुलांच्या आयांची नावं मराठीत लिहिली जातात, तिथे शिकवण्यासाठी ती ओळ चूक आहे.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "इंग्रजीत टाइप करायला सांगा ना, विषय संपला." ते वाईट मनाने बोलले नाहीत, आमच्याकडे सगळे असंच शिकवतात. पण तो कागद ज्यांच्यासाठी भिंतीवर लागतो, त्यातल्या निम्म्या बायांना इंग्रजी वाचता येत नाही.

चार वाजता तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि गावात गेले. कापसाची वेचणी चालू होती, बाया सहाच्या पुढेच आल्या. कुणाच्या पदराला, कुणाच्या केसांत कापूस तसाच. समाजमंदिरात दहा-अकरा जणी जमल्या. हप्ता थकलेल्या दोघींपैकी एक आली, पण आत बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून राहिली.

बाइट आणि तक्ते सांगून उपयोग नव्हता. मी चौदा नावं खडूने फरशीवर दोन रांगांत लिहिली, बिघडलेली डावीकडे, चांगली उजवीकडे, आणि म्हटलं, दोन्हींत काय फरक दिसतो ते तुम्हीच सांगा. अंगणवाडीच्या सेविका त्यांच्यात होत्या. त्यांनी बोट फिरवत वाचलं आणि मिनिटाभरात म्हणाल्या, "पयला उकार नाहीतर जोडाक्षर. डावीकडं सगळ्यायले हाय, उजवीकडं एकीलेबी नाही."

मला जे शोधायला सकाळ गेली, ते त्यांनी फरशीवर वाचलं.

मग लॅपटॉप काढला. मुद्दाम जावा ८ टाकून नेलं होतं आणि तक्ताही लॅबमधलाच. मी म्हटलं, यादीत नसलेलं कुठलंही नाव सांगा, फुटेल की वाचेल ते आधी तुम्ही ठरवा. कुणी म्हणालं, गजानन. "वाचते!" वाचलं. तुकडोजी? जरा थांबून सेविका म्हणाल्या, "तु हाय. फुटते." फुटलं. मग सगळ्या पुढे सरकल्या. एकीला नवऱ्याचं नाव घालून बघायचं होतं, पण ते तोंडाने घेईना, तिने शेजारणीला सांगायला लावलं : ज्ञानेश्वर. "दोन जागी फुटन," सेविका म्हणाल्या, आणि दोन जागी फुटलं. दारातली बाई केव्हा आत येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

तिनेच विचारलं, "मॅडम, इंग्रजीत लिहिली असती नावं, तं?"

"नसती बिघडली."

"मंग पोरीनं मराठीत लिहिली, हे चुकलं का तिचं?"

मी म्हटलं, नाही ताई, तिचं काही चुकलं नाही. तिला जेवढं शिकवलं तेवढं तिने नीट केलं, शिकवण्यात मीच एक गोष्ट सोडली होती. बाई काही बोलल्या नाहीत. फरशीवरच्या आपल्या नावाकडे पाहत राहिल्या.

प्रोग्राम त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. मुलीने दोन ओळी बदलल्या आणि चाचणीची फाइल कायमची ठेवून दिली : कुसुम, लक्ष्मी, झिंगूबाई, एकनाथ, ऐश्वर्या. पाचही रिकामी घरं त्यात येतात. वर्गात आता मी पहिल्या तासाला तीच फाइल देते. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र जुनीच ओळ छापलेली आहे, आणि परीक्षेसाठी मुलांना तीही पाठ करायला सांगावी लागते.

नवी यादी भिंतीवर लागली. मुलगी सांगते, दारात उभ्या राहिलेल्या बाई प्रिंट चिकटवण्याआधी कागद मागून घेतात आणि सहाही नावं बोटाने अक्षर अक्षर वाचतात, मगच परत देतात. दुसरीचं नावही आता कागदावर नीट आहे. आईने घरी जाऊन दाखवलं, सेविकाही दोनदा जाऊन आल्या. हप्ता ती मुलाच्या हाती पाठवते. बैठकीला ती अजून आलेली नाही.