नसरीन मोहमेदींची रेषा, तिरप्या उजेडात

प्रदर्शनाला जाण्याआधी तपासणीसाठी चित्र आलं होतं. चित्रकार नसरीन मोहमेदी यांचं रेषाचित्र, कागदावर शाई आणि ग्रॅफाइट (पेन्सिलीचं शिसं), साधारण 19 बाय 24 इंच. शीर्षक नाही, सही नाही, तारीख नाही. त्यांच्या बहुतेक कामांची हीच तऱ्हा, त्यामुळे काळ ठरवताना कागद आणि रेषाच बघाव्या लागतात.

फ्रेम उघडली तर मागे खाकी पुठ्ठा आणि वरच्या कोपऱ्यांना सेलोटेप. पुठ्ठ्यातल्या आम्लाने कडा पिवळ्या पडलेल्या. अशी टेप ओढली की कागदाचा पापुद्राही निघतो. वरची पट्टी कोमट स्पॅटुलाने उचलायची, उरलेला गोंद क्रेप रबरने हळूहळू गोळा करायचा. चित्र पुन्हा बसवताना खळ लागणार म्हणजे ओल आली, म्हणून आधी शाईची परीक्षा: रेषेच्या टोकाला बारीक ब्रशने पाण्याचा ठिपका, वर ब्लॉटर म्हणजे टीपकागद. ब्लॉटर कोरा राहिला, म्हणजे शाई पाण्याने सुटत नव्हती.

मग खोलीत अंधार केला आणि एकच दिवा कागदाला जवळपास समांतर धरला. दहापट भिंगातून पाहिलं तर जाड रेषांच्या दोन्ही कडांना केसाएवढे चर. रुलिंग पेनच्या, म्हणजे दोन पात्यांमध्ये शाई भरून आराखड्यांच्या रेषा ओढायच्या पेनच्या, पात्यांच्या खुणा त्या. बारीक रेषांना चर नव्हते, टोकं गोल होती. म्हणजे नळीच्या निबाचं पेन. काही ठिकाणी शाईखाली पेन्सिल होती, काही ठिकाणी नुसतीच शाई.

ज्यांनी रुलिंग पेन धरलंय त्यांना यातली मेख कळेल. पात्यांमध्ये शाई पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेली की सुरुवातीलाच थेंब पडतो, कमी पडली तर रेषा मध्येच तुटते. पट्टीची कड कागदाला टेकलेली असेल तर शाई खाली ओढली जाते. इथे कागदभर रेषा, आणि फराटा कुठेच नाही.

लोक या चित्रांत ध्यान शोधतात. मला तर त्यात आधी ड्राफ्टिंग टेबल दिसतं. कराचीत 1937 साली जन्म, बालपण मुंबईत, शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये, 1972 पासून बडोद्याला अध्यापन. राहणी एकांताची, खोलीत मोजकं सामान. मज्जासंस्थेच्या आजाराने अंगावरचा ताबा सुटत गेला, तरी रेषा डळमळली नाही. 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. त्या फोटोही काढत, पण ते त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत.

चित्राच्या मालकांना कागदावरचे तपकिरी ठिपके ब्लीच करून हवे होते. मी नकार दिला. ब्लीचने कागदाचा रंग उजळला असता, आणि फिकट ग्रॅफाइटचा सगळा तोल त्याच रंगावर आहे.

शेवटी चित्र बोर्डाला धरून ठेवायला वरच्या कडेला जपानी टिश्यूचे दोन हिंज, म्हणजे बिजागरीसारख्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. मागे आम्लरहित बोर्ड. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी कागदापेक्षा मोठी, म्हणजे चारही कडा उघड्या दिसतील. समोर प्लास्टिकऐवजी काच, कारण साध्या अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि सैल ग्रॅफाइट तिकडे ओढलं जातं. अहवालात अट घातली: उजेड 50 लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) आत, आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगायचं नाही. पावसाळ्यात मुंबईत तीच भिंत आधी ओलावते.