आमची वाटचाल : त्र्यंबकपासून पापीकोंडलूपर्यंत

आमचा व्यवसाय मुळात गाड्यांचा. नाशिकला उतरलेल्या भाविकांना रामकुंड, काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वर दाखवून संध्याकाळच्या गाडीला स्थानकावर पोहोचवायचे, एवढेच काम आम्ही अनेक वर्षे केले. या कामाला वेगळी दिशा मिळाली ती 2015 मध्ये. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो आणि त्याच योगावर आंध्र व तेलंगणात गोदावरी पुष्कर साजरा होतो. त्या वर्षी दोन्हींचा आरंभ 14 जुलै याच दिवशी झाला. आंध्रातील राजमहेंद्रीला (राजमुंद्री) स्नान करून पुढे नाशिकला आलेली बरीच तेलुगू कुटुंबे आमच्या गाड्यांतून फिरली. रामकुंडावर उभे राहून त्यांच्यातले अनेकजण विचारीत, गोदावरी ती हीच का? त्यांच्या गावी नदी ओलांडायला पावणेतीन किलोमीटरचा पूल लागतो. त्यांच्याच तोंडून आम्ही पापीकोंडलू हे नाव पहिल्यांदा ऐकले आणि पुढच्याच हिवाळ्यात स्वतः पाहून आलो.

ब्रह्मगिरीवर उगम पावून 1465 किलोमीटर वाहणारी ही नदी महाराष्ट्रातील बेसॉल्टचे पठार सोडल्यावर प्राणहिता आणि इंद्रावतीचे पाणी घेते, तेलंगणाच्या कोळशाच्या पट्ट्यातून जाते आणि भद्राचलमच्या पुढे, शबरीचा संगम झाल्यावर, पूर्व घाटाच्या अतिशय जुन्या व कठीण खडकाला भिडते. हा खडक कापत तिने जी घळई तयार केली आहे, तीच पापीकोंडलू. एरवी अफाट पसरलेले पात्र येथे काही शे मीटरवर येते, दोन्ही बाजूंना गर्द झाडीचे डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि पुढचे वळण येईपर्यंत नदी कोठून वाट काढणार आहे हे कळत नाही. घळईभोवतीचे जंगल 2008 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

पहिल्या सहलीची जाहिरात आम्ही "आपली गोदावरी पुढे कशी दिसते ते पाहू या" अशी केली होती आणि आजही आमच्या पत्रकावर तेच वाक्य छापलेले असते. गट लहान ठेवायचा, राजमहेंद्रीत किमान दोन मुक्काम करायचे आणि बोटीचा दिवस मधोमध ठेवायचा, हा क्रम आम्ही बदललेला नाही. मुंबईहून सुटणारी कोणार्क एक्सप्रेस पुणे-सोलापूरमार्गे थेट राजमहेंद्रीला जाते, त्यामुळे प्रवास लांबचा असला तरी गाडी बदलावी लागत नाही.

पहिला दिवस आम्ही शहराला देतो. 1900 मध्ये सुरू झालेला आणि 1997 पासून निवृत्त असलेला हॅवलॉक पूल, त्याच्या शेजारचे नवे पूल, आणि खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटन याने 1852 मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आज उभा असलेला बॅरेज, हे सारे एका दिवसात नीट पाहून होते. दुष्काळाने खंगलेला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश या बंधाऱ्यामुळे भाताचे कोठार झाला. म्हणून एका इंग्रज अभियंत्याच्या पुतळ्याला येथील शेतकरी आजही हार घालतात. तेलुगू समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांचे घरही आम्ही आवर्जून दाखवतो. त्यांनी 1881 मध्ये याच शहरात विधवाविवाह लावून दिला. महाराष्ट्रात विधवाविवाहासाठी झटलेल्या विष्णुशास्त्री पंडितांचे कार्य माहीत असलेले आमचे पर्यटक त्या घरात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतात.

बोट गंडी पोचम्मा मंदिराच्या घाटावरून सुटते. सकाळी धुके असले तर सारंग ते विरण्याची वाट पाहतो आणि आम्ही त्याला कधीही घाई करीत नाही. पुढे पेरंटपल्लीला उतरून ओढ्याकाठचे शिवमंदिर पाहायचे, कोंडारेड्डी या आदिवासी समाजाच्या लोकांनी विणलेल्या बांबूच्या वस्तू घ्यायच्या आणि परत फिरायचे, असा दिवस असतो. बोटीवरचा ध्वनिवर्धक हा या सहलीतला एकमेव उपद्रव आहे. घळईच्या मुख्य भागात तो बंद ठेवावा ही अट आम्ही बुकिंगच्या वेळीच घालतो आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजतो.

ज्यांना आणखी एक दिवस काढता येतो, त्यांना आम्ही रस्त्याने भद्राचलमला नेतो. हे राममंदिर बांधणारा कंचर्ला गोपण्णा हा कुतुबशाहीचा तहसीलदार होता, आणि सरकारी महसूल मंदिरावर खर्च केल्याबद्दल तो गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडला. त्याला कैदेत टाकणारा अबुल हसन तानाशाह म्हणजे 1677 मध्ये शिवाजी महाराज ज्याला भेटायला भागानगरला (आजचे हैदराबाद) गेले होते तोच, हे सांगितले की गटातील शाळकरी मुलेही कान टवकारतात.

15 सप्टेंबर 2019 रोजी देवीपट्टणमजवळ कच्चुलूरू येथे पुराच्या पाण्यात एक पर्यटक बोट उलटली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. बुडालेली बोट वर काढायला महिन्याहून जास्त काळ लागला, यावरून तेथील खोली आणि ओढ यांची कल्पना यावी. आमचा गट तेव्हा तेथे नव्हता, कारण पावसाळ्यात आम्ही ही सहल नेतच नाही. तरीही ठरलेल्या सर्व सहली आम्ही रद्द करून आगाऊ रक्कम परत केली. नौकाविहार बराच काळ बंद राहिला, त्यात कोरोनाची भर पडली, आणि त्या काळात आम्ही पुन्हा गाड्यांवरच तग धरला. पुढे घाटांवर नियंत्रण कक्ष आले आणि बोटींची तपासणी कडक झाली. जीवरक्षक जॅकेट छायाचित्रापुरतेही काढू द्यायचे नाही, हा आमचा स्वतःचा नियम आहे; त्यावरून रुसलेले पर्यटक आम्हाला चालतात.

पोलावरम धरणाचे काम याच वाटेवर चालू आहे. त्याच्या फुगवट्याने देवीपट्टणम परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि तेथील माणसे दुसरीकडे वसवली गेली. बोटीतून दिसणाऱ्या रुंद, शांत पाण्याखाली काय आहे, हे आम्ही पर्यटकांना सांगतो. निसर्ग पाहायला आलेल्यांचा विरस होतो, अशी तक्रार आली तरी सांगतो.

केरळच्या, काश्मीरच्या सहली का नेत नाही, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. त्या नेणारे पुष्कळ आहेत, आणि एका नदीच्या काठाने आमच्या दोन गाड्या व चार माणसांचे भागते. 2027 च्या पुष्करासाठी आतापासूनच विचारणा सुरू झाली आहे. तो पर्वकाळ ऐन पावसाळ्यात येत असल्याने त्या दिवसांत आम्ही फक्त राजमहेंद्रीच्या घाटांपर्यंत जाऊ. बोटीची नोंदणी नोव्हेंबरपासूनच्या तारखांसाठी घेतली जाईल.