आमची वाटचाल : पट्टीवरचा स्वल्पविराम

२००४ साली सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एक गाळा भाड्याने घेऊन आम्ही अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायला बसलो. पहिली पट्टी (शेतमालाच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद) छापून नेली ती हळदीच्या एका अडत्याकडे. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, साडेबारा लाख असे लिहितात का कुठे? बोट ठेवून मोजावं लागतंय मला."

कागदावर १,२५०,००० होतं. आकडे छापणाऱ्या तयार फंक्शनला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, तीन-तीनचेच गट ठाऊक. आपल्याला उजवीकडचे तीन सोडून पुढे दोन-दोन हवेत. त्याच रात्री स्वतःचं फंक्शन लिहिलं आणि १२,५०,००० उमटलं. (उधारीची उणे रक्कम मात्र -,५०,००० अशी छापली जायची, हे सहा महिन्यांनी कळलं. उणे चिन्हालाही आम्ही अंकच धरलं होतं!)

मग पैशाने छळलं. रोजमेळ अधूनमधून एका पैशाने हुकायचा. रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात होत्या, आणि १.००५ बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका मावत नाही. किंचित कमीच साठतो. म्हणून दोन दशांशांवर आणताना १.०१ ऐवजी १.०० यायचं. शेवटी सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. रुपये करायचे ते फक्त छापताना.

२०१० मध्ये रुपयाचं नवं चिन्ह आलं. आमच्या गिऱ्हाइकांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांना ते माहीतच नव्हतं, चौकोन उमटायचे. तिथे आम्ही आजही मुकाट 'रु.' छापतो.

खरी फजिती झाली 'अक्षरी रुपये'मध्ये. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे शब्द दिले की बाकीचे जोडून होतात. मराठीत तसं जमत नाही: एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, नव्याण्णवपर्यंत प्रत्येकाचा थाट वेगळा. सगळे शब्द हाताने टाईप केले. त्यात ७९ समोर 'एकोणसत्तर' पडलं. एका व्यापाऱ्याचा ७९,४०० चा चेक बँकेतून परत आला, आकडा एक आणि अक्षर दुसरं. दंडाचे पैसे आम्ही भरले, शिव्याही खाल्ल्या.

त्या रात्री यादीची प्रिंट आईपुढे ठेवली. तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेली बाई. तिने लाल पेन मागितलं, एक ते शंभर मोठ्याने वाचलं, आणि जाता जाता तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घही सुधारले.