कोपनहेगनमध्ये, दोन दिव्यांच्या खांबांखाली

हॅम्बुर्गहून सुटलेली आमची गाडी फ्लेन्सबुर्ग मागे टाकून डेन्मार्कमध्ये शिरली, ओडेन्सेनंतर ग्रेट बेल्टच्या सामुद्रधुनीवरील पुलावर चढली आणि स्प्रोगो या चिमुकल्या बेटावरून थेट समुद्राखालच्या बोगद्यात उतरली. जुलै २०२३ मधल्या या प्रवासाचे कारण एकच होते: पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप संगीतकारांच्या जोडीला एकदा तरी रंगमंचावर प्रत्यक्ष पाहायचे, ही माझी अनेक वर्षांची इच्छा.

ही जोडी जमली ती १९ ऑगस्ट १९८१ रोजी, लंडनच्या किंग्ज रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात. जोडीतले गायक नील टेनंट तेथे आपल्या सिंथसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यासाठी वायर घ्यायला गेले होते. तेथेच त्यांची गाठ पडली लिव्हरपूलला वास्तुशास्त्र शिकणाऱ्या ख्रिस लो यांच्याशी. टेनंट पुढे ‘स्मॅश हिट्स’ या संगीत मासिकात नोकरी करू लागले आणि १९८३ मध्ये ‘द पोलीस’ या बँडच्या मुलाखतीसाठी न्यूयॉर्कला गेले असता, ज्यांच्या नृत्यसंगीतावर दोघांचाही जीव होता त्या बॉबी ऑर्लँडो या निर्मात्याला भेटले. त्या भेटीतून १९८४ मध्ये ‘वेस्ट एन्ड गर्ल्स’ या गाण्याची पहिली आवृत्ती निघाली. ती काही क्लबांमध्ये वाजली, पण इंग्लंडमध्ये फारशी चालली नाही. स्टीफन हेग या निर्मात्याने तेच गाणे संथ, गडद आणि अधिक प्रशस्त करून पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मात्र जानेवारी १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये आणि मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

मला अधिक मोलाचे वाटते ते यानंतरचे. जगभर नाव झाल्यावरही या दोघांनी दौऱ्याची घाई केली नाही. गिटार गळ्यात अडकवून घाम गाळणे म्हणजेच खरा कार्यक्रम, ही त्या काळची समजूत त्यांना मान्य नव्हती; त्यांना हवे होते नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना, म्हणजे सरळ शब्दांत नाटक, आणि नाटकाला पैसा लागतो. त्यांचा पहिला दौरा सुरू झाला तो १९८९ मध्ये, तोही मायदेशी नव्हे तर हाँगकाँगला. दिग्दर्शक होते चित्रपटकार डेरेक जार्मन, ज्यांनी पार्श्वपडद्यासाठी खास चित्रफिती तयार केल्या होत्या.

कोपनहेगनची मेट्रो चालकाविना धावते. पुढच्या काचेशी बसून रूळ अंगावर येताना पाहत मी ओरेस्टाड स्थानकावर उतरले. तेथून चालत काही मिनिटांवर कार्यक्रमाचे सभागृह, रॉयल अरीना, आहे. लाकडी उभ्या पट्ट्यांनी वेढलेली ती इमारत लाटेसारखी वळत जाते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या उत्तरेकडच्या उन्हात मधाच्या रंगाची दिसत होती. माझ्या आजूबाजूला पन्नाशी-साठीचे लोक होते आणि त्यांच्याबरोबर विशीतली मुलेही.

येथे तिसरी घंटा होत नाही. पण दिवे मालवले तेव्हा सभागृहावर जी शांतता पसरली, ती मला आपल्या नाट्यगृहांतून चांगली ओळखीची होती. रंगमंचावर केवळ दोन रस्त्यावरचे दिव्याचे खांब आणि त्यांच्या उजेडात नादकाट्यासारखे मुखवटे घातलेले दोघे. ‘सबर्बिया’ हे गाणे सुरू झाले. टेनंट दोन पावले पुढे येत, हात किंचित उचलत. लो आपल्या वाद्यामागे जवळजवळ पुतळ्यासारखे उभे. काही गाण्यांनंतर मागचा पडदा वर गेला आणि तालवाद्यांवरचे दोघे व कीबोर्डवर क्लेअर उचिमा असे तिघे जण दिसू लागले. तोवर रिकामा वाटणारा मंच भरला आणि नगाऱ्यासारखे ठोके थेट छातीत जाणवू लागले.

या जोडीच्या संगीताला कोरडे, यंत्राचे म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षे वाद घालत आले आहे. त्या रात्री टेनंट एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर होते, तरी तो पातळ, स्वच्छ, शब्दन् शब्द पोहोचवणारा आवाज कुठेही फाटला नाही. यंत्रांचा ठेका जितका काटेकोर, तितका त्यावरचा हा माणसाचा आवाज एकटा आणि हळवा ऐकू येतो. लो यांचे स्तब्ध राहणेही त्याच रचनेचा भाग आहे, कारण त्यामुळे नजर दुसरीकडे जातच नाही.

शेवटी ‘वेस्ट एन्ड गर्ल्स’ झाले आणि त्यानंतर ‘बीइंग बोरिंग’. १९९० मधले हे गाणे टेनंट यांनी एड्सने गेलेल्या तरुणपणीच्या मित्राच्या आठवणीत लिहिले. त्यात जुनी निमंत्रणपत्रे सापडतात, मग स्थानकावरून घर सोडून निघालेला एक तरुण येतो आणि अखेर जे सोबत हवे होते ते उरलेले नसतात. शेजारच्या खुर्चीवरील डॅनिश बाई डोळे मिटून, आवाज न करता प्रत्येक ओळ ओठांनी म्हणत होत्या. गाणे संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझा हात क्षणभर घट्ट धरला आणि पर्स उचलून जिन्याकडे निघून गेल्या. मी बाहेर आले तेव्हा उत्तरेच्या क्षितिजावर अजून निळसर उजेड होता.