पोटमाळा अपडेट ३: प्लाय की ओएसबी, एकदाचं ठरलं

फ्रेम झाली, रेड ऑक्साइडचे दोन हात मारून झाले, पण वर टाकायचं काय यावर पंधरा दिवस घोळ चालला होता. लालबागची आमची खोली, शेवटचा मजला, वर पत्रे. माळा ८ बाय ८ फूट म्हणजे बरोब्बर दोन शीट.

ओएसबी, म्हणजे ओरिएंटेड स्ट्रँड बोर्ड, मला मनापासून आवडलेलं. अमेरिका-कॅनडात घरांच्या फ्लोअरिंगखाली सर्रास तेच, लाकडाच्या लांबट कपच्या आडव्याउभ्या थरांत दाबलेल्या, सगळीकडे सारखं, आणि प्लायच्या कोरमध्ये, म्हणजे आतल्या थरांत, गॅप असला तर स्क्रू नेमका तिथेच जातो ती कटकट नाही. पण जुलैत पत्र्यातून एखादा थेंब पडतोच, म्हणून रे रोडच्या लाकूड बाजारातून दोन्हीचे १८ मिमीचे तुकडे मागून आणले आणि २४ तास बादलीत बुडवून ठेवले.

ओएसबीची कड २०.६ मिमी झाली. आठवडाभर पंख्याखाली सुकवली तरी १९.५ च्या खाली येईना. प्लाय १८.८ वर गेला आणि सुकून १८.२ वर आला. तुकडा खराब होता असंही नाही, ओएसबी ३ ला (दमट जागेसाठीचा प्रकार) युरोपियन स्टँडर्डमध्येच २४ तासांत १५ टक्के फुगायची मुभा आहे. पण मला वर विनाइल टाकायचंय, जोडावर कड फुगली की उंचवटा लगेच दिसणार, आणि भावातही इथे ओएसबी काही स्वस्त पडत नव्हतं.

मग मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्लूचा. कमर्शियल एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) घेऊ नका, त्याचा ग्लू सतत ओल सहन करत नाही. शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघा, त्याला ७२ तास उकळत्या पाण्याची टेस्ट असते. मी दुकानात शीट उभी करून चारही कडा टॉर्च मारून बघितल्या, बोटाने ठोकत गेलो, एक पोकळ वाजली ती बदलून घेतली.

फ्रेमचे एमएस (माइल्ड स्टील) पाइप १६ इंचांवर आहेत, ८ फुटात बरोबर सहा भाग पडतात त्यामुळे शीटची टोकं पाइपवरच येतात. वरच्या थराची रेघ पाइपला आडवी ठेवायची, उलट टाकलात तर शीट जास्त लवते. मधल्या लांब जोडाखाली आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि दोन शीटमध्ये ३ मिमी जागा सोडणार आहे.

कापलेल्या कडांना सीलरचा दुसरा हात आज रात्री. शनिवारी स्क्रू मारायचे, खालच्या काकूंना दुपारी दोनच्या आत आवाज बंद करतो सांगून ठेवलंय.