आमची वाटचाल : ब्लोहोल टाळण्यापासून मेटल फोमपर्यंत

आमचं मूळ काम अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचं. त्यात ब्लोहोल, म्हणजे गॅसमुळे आत राहिलेली पोकळी, निघालं की पीस रिजेक्ट, त्यामुळे वितळलेल्या धातूच्या रसातला गॅस काढण्यातच आमची पहिली काही वर्षं गेली. आज तोच गॅस आम्ही मुद्दाम भरतो आणि आत बुडबुडेच बुडबुडे असलेला हलका धातू, म्हणजे मेटल फोम, बनवतो.

वाटलं तेवढं सोपं नव्हतं. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये टायटॅनियम हायड्राइडची पूड टाकली की हायड्रोजन सुटतो आणि फेस येतो, इथवर ठीक, पण रस पातळ असला तर तो बुडबुड्यांमधून निथळून खाली बसतो आणि वर मोठमोठ्या पोकळ्या राहतात. म्हणून आधी साधारण दीड टक्का कॅल्शियम घालून ढवळायचं, त्याने बारीक ऑक्साइड तयार होतात आणि रस घट्ट होतो. आणि पूड रसात नीट मिसळायच्या आतच गॅस सुटायचा, कारण अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशाला आणि हायड्राइड त्याच्या बरंच आधी फुटायला लागतं. पूड आधी हवेत भाजून घेतली की कणांवर ऑक्साइडचा थर येतो, गॅस उशिरा सुटतो. हे हाताला बसेपर्यंत किती ब्लॉक परत भट्टीत गेले याचा हिशोब नाही.

खरी चूक मात्र विकताना झाली. आम्ही फक्त वजन सांगायचो, की घन अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि आमच्या ब्लॉकची ०.४, पाण्यावर तरंगतो बघा! एका ग्राहकाने तो ओढ पडणाऱ्या ब्रॅकेटमध्ये वापरला आणि तुटला. तुटणारच होता, ओढीत एका पेशीची, म्हणजे बुडबुड्याची, भिंत फाटली की तडा पुढे पळतो. शिवाय घनता निम्मी केली की ताठपणा जवळपास पावच उरतो. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं.

मग प्रेसखाली टेस्ट घेतली आणि ग्राफ बघून डोळे उघडले. लोड थोडा चढतो आणि मग सपाट चालतो, एकेक थर चिरडत जातो पण लोड फारसा वाढत नाही, ब्लॉक निम्म्याच्याही खाली दबेपर्यंत. मग भिंती एकमेकींना भिडतात आणि लोड एकदम वर जातो. त्या सपाट भागातच धक्क्याची ऊर्जा जिरते, म्हणून गाडीच्या क्रॅश बॉक्समध्ये, म्हणजे टक्करीत स्वतः चिरडून धक्का घेणाऱ्या भागात, हा माल शोभतो.

दुसरं काम सँडविच पॅनेलचं, दोन पत्र्यांच्या मधे फोम. वाकताना ओढ आणि दाब पत्रे घेतात, फोम त्यांना अंतरावर धरून ठेवतो, आणि प्लास्टिकच्या फोमसारखा जळतही नाही. आवाज शोषायला मागितला तर आम्ही स्पष्ट सांगतो की पेशी बंद आहेत, आधी भोकं पाडून त्या उघडाव्या लागतील. फिल्टरला लागणारा ओपन सेल, म्हणजे पेशी एकमेकींत उघडणारा फोम, आम्ही बनवत नाही.

आता ऑर्डर घेताना पहिला प्रश्न असतो, दाब येणार की ओढ? आणि एकाच ब्लॉकचा तळ वरच्यापेक्षा जड निघू शकतो, म्हणून कापल्यावर प्रत्येक पीस वेगळा वजन करून त्याची घनता त्याच्यावरच लिहून पाठवतो.